गाजलेल्या निबंधातला जिवाणू

मी एक जुना जिवाणू आहे. तसं माझं आयुष्य घटकाभराचं. पण एकाचे दोन, दोनाचे चार होत आमचं घराणं टिकून आहे आणि आम्ही सगळेच स्वतःला 'मी' म्हणतो. नारायणगावच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या फ्रिजमधल्या काचेच्या नळीत माझा मुक्काम असतो.

जन्म निमगाव सावा या गावच्या मातीतला. त्या साली तिथले शेतकरी भिमाजी यांच्या टोमॅटोला मर लागली. मातीतली बुरशी मुळांत शिरायची आणि उभी रोपं माना टाकायची. बांधाकडची एक ओळ तेवढी हिरवीगार राहिली. भिमाजींची मुलगी इंद्रायणी सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. तिने त्या मुळांजवळची माती नेली आणि तिच्यातून मला वेगळं काढलं. बुरशीला मुळाजवळ फिरकू न देणारा मीच होतो.

इंद्रायणीने माझ्यावर शोधनिबंध लिहिला. मित्रांनो, निबंधाची पत कशावर ठरते ठाऊक आहे? पुढचे किती संशोधक आपल्या लेखनात त्याचा आधार घेतात, त्यावर. आमच्या निबंधाने शंभरी गाठली तेव्हा प्रयोगशाळेत पेढे वाटले. मला मात्र नेहमीचंच, नळीतलं मऊ खाद्य.

त्या खाद्यानेच माझा घात केला. दर काही महिन्यांनी मला ताज्या नळीत हलवायचे. आयतं मिळत होतं, भांडायला बुरशी नव्हती. मी सुस्तावलो. इंद्रायणीने मला जगवलं, पण मला अजून काम जमतं का, हे कधी पाहिलं नाही. सकाळी आली की खांद्याची पर्स काढण्याआधी ती मोबाईलवर निबंधाचा आकडा बघायची.

यंदा परराज्यातल्या एका प्रयोगशाळेचा मेल आला. तुमच्या निबंधाच्या भरवशावर आम्ही काम उभं केलं, पण तुम्ही पाठवलेला जिवाणू मर थांबवत नाही. पाठोपाठ निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांनीही मला तपासणीसाठी मागितलं. तपासणीत टिकलो नाही, तर निबंध मागे घेतला जाणार होता. इंद्रायणीची प्राध्यापकपदाची मुलाखत तोंडावर आली होती आणि तिची सारी भिस्त त्याच निबंधावर.

तिने घाईने कुंड्यांत रोपं लावली, बुरशी घातली, मला मुळाशी सोडलं. मला काही सुचेना. बुरशी माझ्या देखत मुळांत शिरली. एकूण एक रोप मेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडम, येक सांगू?" प्रयोगशाळेतले मदतनीस गोरखभाऊ हळूच म्हणाले. "मार्केटात जिवाणूची तयार पुडी मिळती. लई जोरात काम करती. तीच नळीत भरा आन् धाडा. जिवाणू काय तोंडावरनं वळखू येतोय व्हय?"

इंद्रायणीने दार लोटून घेतलं. मला कान नाहीत, पण नळी हातात धरली की माणसाची बोटं सगळं सांगतात. तिने माझ्यावरचं लेबल नखाने अर्धं सोडवलं. आता ते दुसऱ्या नळीवर चिकटणार, या विचाराने मी गारठून गेलो.

"गोरखभाऊ, पेढे कशाचे वाटले होते आपण?"

"शंभर जनांनी तुमचं काम मानलं, त्याचे."

"मग त्या शंभरांना काय सांगू?"

"आन् तुमची मुलाखत?"

तिने अंगठ्याने लेबल पुन्हा घट्ट दाबलं आणि कॉम्प्युटरपाशी बसली. जिवाणू क्षीण झाला आहे, चूक माझी आहे, सुधारणेला मुदत द्यावी, असं तिने संपादकांना लिहून पाठवलं.

मुलाखतीत तिची निवड झाली नाही. पण मुदत मिळाली. तिने मला आयत्या खाद्यावरून काढून पुन्हा मातीत, टोमॅटोच्या मुळांवर सोडलं. उपाशी राहिलो, बुरशीचा मार खाल्ला, हळूहळू हात चालू लागला. एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत असा पावसाळा गेला. शेवटच्या खेपेला निम्मी रोपं उभी राहिली.

"बरीचशी म्हना की मॅडम," गोरखभाऊ म्हणाले.

"निम्मी," इंद्रायणी म्हणाली, आणि तसंच लिहून पाठवलं.

मित्रांनो, ज्याचं नाव झालंय त्याला कामाला लावत राहा. तो कमी पडला, तर कमी पडला म्हणा. पण त्याच्या नावाने दुसऱ्याला उभं करू नका.