केळीवालं सीएमव्ही

भडगावच्या प्रेमराजचं नशीब बघा, अख्ख्या इंग्रजी रिपोर्टात तीनच अक्षरं त्याच्या ओळखीची निघाली. मेंदूतली गाठ जळगावला काढली होती, आयुष्य वर्षभराचं धरून चला असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गाठीचा तुकडा अभ्यासासाठी पुढे गेला आणि कागद आला: आत सीएमव्हीचं प्रथिन सापडलं.

आता केळी लावणाऱ्याला सीएमव्ही कोणी सांगायला हवं का? गेल्या हंगामात याच विषाणूने केळीच्या पानांवर पिवळे पट्टे आले, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने दोन हजार रोपं उपटून गाडली होती. त्या विषाणूला औषध नाही. एक रोप ठेवलं की शेजारची गेलीच.

"हाई तेच शे, केळीवालं," तो बायकोला, रत्नाला म्हणाला आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. ताट उंबऱ्यावर, कपडे वेगळे. सहा वर्षांची लेक दिपमाला दाराशी रडायची, तेव्हा आतून सांगायचा, "मी बरा झालो का मग ये." रत्ना डॉक्टरांना विचारू म्हणाली, तर तिच्यावरच खेकसला. घाबरलेल्या माणसापुढे कोणाचं चालतं? असे अडीच महिने गेले.

पुढच्या तपासणीला रत्नाने विचारलंच. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"अहो, केळीचा विषाणू माणसाला होत नाही. नावाची अक्षरं तेवढी सारखी. हा माणसातला सीएमव्ही वेगळा, खूप जणांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला असतो. काही गाठींत त्याची प्रथिनं सापडतात. ती गाठ वाढवतात की नुसती तिथे असतात, हे अजून नक्की ठाऊक नाही. पण गाठ कोणाला लागत नाही. मुलीला खुशाल जवळ घ्या."

परतताना प्रेमराज एस्टीत तोंड फिरवून रडला. वर्षातले अडीच महिने त्याने आपल्या हाताने गाडले होते.

घरी येऊन खाटेवर बसला, लेकीला हाक मारली. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, उंबऱ्यावर ठेवला आणि सवयीने मागे सरकली.

"ये ना बेटा, आत ये."

"पप्पा, तुम्ही बरे झाले?"

रत्नाने पदर तोंडाला लावला. प्रेमराज लेकीशी कधी खोटं बोलला नव्हता.

"हो," तो म्हणाला, "झालो."

दिपमालाने तांब्या ओलांडला आणि धावत आत आली.