कोरी चोळी

मित्रांनो, मी एक जुनी चोळी आहे. आज मला हातात घ्याल, तर माझा मऊपणा पाहून गालाला लावावंसं वाटेल. पण एके काळी मी एका बाईची कातडी सोलून काढली होती, आणि ती बाई मला जिवापाड जपत होती.

१९६६ साली नागपुरात चंद्रभान विणकराने माझं कापड स्वतःच्या मागावर विणलं. त्याची बायको गोपिका बाळंत झाली होती. त्या घरची रीत अशी, की बारशापासून पंधरा दिवस बाळंतिणीने घरच्या मागाची कोरी चोळी घालायची. कोरी म्हणजे पाणी न लागलेली. मी ताठ दिसावी म्हणून चंद्रभानने सुताला तांदळाच्या पेजेची खळ दुप्पट पाजली. बारशाला गल्लीतल्या बायांनी माझ्यावरून हात फिरवले. मला फार अभिमान वाटला.

तो दोनच दिवस टिकला. बाळ उत्तरा पिऊन झोपली, की दूध माझ्यात झिरपे. खळ आधी चिकट होई, मग वाळून पापडासारखी कडक होई. गोपिका हलली, की मी तिला घासत असे. तिसऱ्या दिवशी तिच्या छातीची कातडी लालबुंद झाली, चौथ्या दिवशी चिरली. उत्तराने तोंड लावलं, की गोपिका दातांत पदर धरी. मला सगळं कळत होतं, पण मला वाचा नव्हती.

गोपिकेला वाचा होती, तरी ती बोलेना. मला दोष देणं म्हणजे नवऱ्याच्या हाताला दोष देणं. तो रोज विचारी, "कशी बसली वं चोळी?"

"झकास," ती म्हणे.

पाचव्या दिवशी सासूने, प्रयागबाईने, तिला गाठलं.

"पोरगी रडून राहिली न् तू पाठ फिरवून बसली. काहून वं?"

"आग होऊन राहिली, आत्याबाई."

प्रयागबाईने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "नजर लागली तुले. आता हे दूध पोरीले नको. मी बकरीचं सांगतो."

गोपिकेचा पहिला मुलगा वरच्या दुधावर दोन महिने जगला होता, तेवढेच. तिने उत्तराला घट्ट धरलं. मी पुन्हा घासले गेले.

तेवढ्यात दवाखान्यातल्या सुईण यमुताई बाळाला पाहायला आल्या. त्यांनी माझी गाठ सोडली आणि बराच वेळ पाहिलं.

"नजर मोठी हुशार आहे, प्रयागबाई. जेथवर चोळी, तेथवरच लागली!" मग मागाच्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या, "चंद्रभान, चोळी विणली का टिनाचा पत्रा गा?"

माग थांबला. गोपिकेने घाईने जुनं लुगडं पांघरलं. चंद्रभान दारात येऊन म्हणाला, "मले सांगितलं काहून नाही?"

"तुमी एवढ्या हौसेनं…"

"हौस गेली चुलीत!"

त्याने स्वतः मला बादलीत बुडवलं. रीत मोडली म्हणून प्रयागबाई पुटपुटत होती. पण पाणी पेजेसारखं पांढरं झालेलं पाहिलं, आणि दुसरी बादली तिनेच भरून दिली.

यमुताईंनी बजावलं, "दूध चांगलं आहे, पाजत राहा. अंग साध्या पाण्यानं धुऊन कोरडं ठेव. ताप आला नाहीतर छातीत गाठ लागली, तर तशीच दवाखान्यात ये." आठ-दहा दिवसांत कातडी निवली. उत्तरा पोटभर पिऊ लागली.

धुऊन धुऊन मी मऊ झाले. गोपिकेने मला वीस वर्षं, अगदी शेवटपर्यंत वापरलं. मागच्या, म्हणजे १९८६च्या दिवाळीआधी ती गेली. उत्तराने मला न धुताच पेटीत ठेवलं, कारण माझ्यात आईचा वास होता. ती पेटी उघडे, मला नाकाशी धरी आणि पुन्हा झाकण लावी.

या महिन्यात उत्तराला मुलगी झाली. म्हाताऱ्या चंद्रभानने दाराबाहेरूनच विचारलं, "नवे कपडे टोचून तर नाही राहिले ना, बाई?"

उत्तरा म्हणाली, "टोचतात, बाबा."

तिने मला बाहेर काढलं, एकदा खोल श्वास घेतला आणि बादलीत सोडलं. या वेळी पाणी नितळच राहिलं.

मित्रांनो, नवं कापड आधी पाण्यातून काढा. आणि घरातली बाळंतीण "झकास" म्हणाली, तरी तिला पुन्हा एकदा विचारा.