आकाशपाळण्याची वाट

जत्रा उभारायच्या त्या गेममध्ये अनुजानं आकाशपाळणा मुद्दाम टेकडीच्या माथ्यावर बसवला होता, आणि वाट काही वर चढेना. सरळ चढ घेतला की ती मध्येच तुटायची, अन् गेममधली माणसं पायथ्याशी घुटमळत राहायची.

"टेकडी सपाट कर की," थोरला भाऊ अमरसिंह मागनं म्हणाला. "एका क्लिकचं काम हाय."

"टेकडी हाय तशीच ऱ्हाणार. वाटच वर जाणार!"

दातओठ खात तिनं पुन्हा पायथ्यापासून वळणं घातली. डावीकडं चढ, जरा सपाटी, मग उजवीकडं. मध्ये एक हिरवा पट्टा लागला, तर कुणाच्या उसात पाय पडू नये तसा तिनं त्याला लांबलचक वळसा घातला.

अमरसिंह खो खो हसला. "भाऊबंद बांध अडवून बसल्यात व्हय तिथं? अगं येडे, हितली सगळी जमीन तुझीच हाय!"

अनुजाचा हात थबकला. तिनं वळसा पुसला आणि वाट हिरव्यातनंच वर काढली. पहिला माणूस पाळण्यापाशी पोचला, तशी ती खुर्चीतनं मागं वळली.

"हितली माझी, बरं. आता घरच्या जमिनीतली किती माझी, ते सांग दादा."