गोदाबाईंचा अर्धा तास

मी एक जुना काटा आहे, प्रयोगशाळेतला. मंडईत बटाटे तोलणारे माझे भाऊबंद वेगळे. मला चिमूटभर पुडीतला कणभर फरकही कळतो, आणि त्याचा मला थोडा गर्व आहे.

मित्रांनो, पुण्यातल्या एका कॉलेजात माझी बावीस वर्षं गेली. इथल्या शिपाई गोदाबाई सगळ्यांच्या आधी यायच्या, पंखा बंद करायच्या आणि मला पुसून, सुरू करून म्हणायच्या, "बस आता निवांत." अर्ध्या तासानं मुलं यायची. तोवर वाऱ्याचा धक्का न लागता मी तापून स्थिर झालेला असे. कौतुक मात्र प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या दिग्विजय सरांच्या पद्धतीचं व्हायचं.

गेल्या वर्षी गोदाबाई निवृत्त झाल्या आणि इथं संशोधन करणाऱ्या आफताबची वजनं रोज वेगळी येऊ लागली. त्याचा छापून आलेला निष्कर्षही पुन्हा जुळेना.

"आधीचे आकडे खरे होते, की सोयीचे?" सरांनी सर्वांसमोर विचारलं.

आफताबनं मान खाली घातली. मला भंगारात काढायचं ठरलं, त्याचं वाईट वाटलंच. पण त्या प्रामाणिक पोरावर खोटेपणाचा आळ आला, ते मला सोसवेना. बोलणार कसा? मला आकड्यांखेरीज भाषा नाही.

तेव्हा सुमय्या मॅडम आमच्याकडे येत होत्या. शास्त्रज्ञ काम कसं करतात, याचाच त्या अभ्यास करायच्या.

मॅडमनी पद्धतीबद्दल विचारलं तेव्हा सर म्हणाले, "आमची पद्धत वहीत आहे. वाचता येतं ना?"

"वाचली, सर. पण वहीत आहे तेवढंच इथं घडतं, हे आपण गृहीत धरलंय. सकाळी पहिलं कोण यायचं?"

"शिपाई. त्यांचा काय संबंध?"

दुसऱ्याच दिवशी मॅडम आणि आफताब धायरीहून गोदाबाईंना घेऊन आले.

"अगं बाई, पंखा चालूच हाय! आन् सुरू केल्या केल्या वजन करताय व्हय?"

पंखा बंद करून अर्धा तास सगळे थांबले. मग आफताबनं पूर्वी तोललेली एकच पुडी दहा वेळा ठेवली. दहाही वेळा मी एकच आकडा दाखवला! पुडीचं वजन जुन्या नोंदीशी तंतोतंत जुळलं. आफताबचे डोळे भरून आले.

सर आपल्या खुर्चीवरून उठले. मग त्यांनी सर्वांसमोर आफताबची माफी मागितली आणि गोदाबाईंना खुर्ची दिली. वही उघडून म्हणाले, "बाई, सांगा. पहिल्यापासून सांगा."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना जपा. आणि आम्हाला रोज पुसणारा हात कुणाचा आहे, तेही एकदा विचारा. आमच्या वहीत आता पहिली ओळ गोदाबाईंची आहे, त्यांच्या नावासकट.