तातांची तपासणी

शिडीवर आणखी एक पायरी चढून रेनाटाने मीटरचा चिमटा लोखंडी पाइपला लावला. दुसरं टोक खाली पॅनेलपाशी ओटिसने धरलं होतं. त्याने आकडा वाचला, मीटरवर टिचकी मारली आणि पुन्हा वाचला. 

"बोल की."

"आकडा चढलाय. याचं अर्थिंग तुटलंय कुठेतरी."

सकाळपासून बासष्ट पाइप पास झाले होते. शिकागोत अर्थिंगची वेगळी हिरवी वायर न ओढता विजेच्या तारा ज्यातून जातात त्या लोखंडी पाइपावरच भिस्त ठेवायची जुनी रीत. पाइप तारांच्या जोडाच्या डब्यात शिरतो तिथला नट घट्ट असला, की झालं. या अकराव्या मजल्याचे पाइप चाळीस वर्षांपूर्वी रेनाटाच्या वडिलांनी, तातांनी, बसवून घेतले होते. तातांनी कोपऱ्यावर वाकवलेला पाइप पाहावा आणि पाहतच राहावा. आता नव्या मालकाच्या इंजिनियरचं म्हणणं होतं, की एका जरी जोडावर गंज सापडला तर सगळे पाइप उपटून भंगारात घालायचे. ताता जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्यांच्या हातचं एवढंच काय ते उरलं होतं.

तिने डबा उघडला. गंज नव्हता. नट बोटाने फिरत होता.

झाकणाच्या आतल्या बाजूला, वायरमन लोकांच्या रिवाजाप्रमाणे, काम करणाऱ्याचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं होतं. रेनाटा एस. अक्षर तिचंच, एकोणीस वर्षांच्या पोरीचं, ठसठशीत.

त्या वेळी मजल्यावर ती एकटीच बाई. तिच्या हातच्या नटावर कोण विसंबणार, असं गडी उघड म्हणायचे. मुकादम असलेल्या तातांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, हिचं काम मी तपासीन, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मग रोज अडीच वाजता हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन ते तिच्या बाजूला जायचे, आणि ठक ठक सगळ्या मजल्यावर ऐकू यायची. तो प्रत्येक ठोका तिच्या जिवाला लागायचा. पुढच्याच वर्षी तिने दुसऱ्या ठेकेदाराकडे काम धरलं. त्यानंतर बापलेकीत बोलणं झालं ते हवापाण्याचं.

ताता नट बसवताना आणि तपासताना त्याच्या कडेच्या दात्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवून ठोकायचे, त्याचा व्रण दात्यावर राहायचा. त्यांच्या स्वतःच्या प्रत्येक डब्यात आज तिने तो पाहिला होता. या नटावर व्रण नव्हता. तिने शिडी सरकवून आपल्या नावाचे आणखी चार डबे उघडले. नट घट्ट होते, पण एकावरही ओरखडा नाही.

"ओटिस, तू होतास तेव्हा. ताता रोज इकडे येऊन करायचे काय?"

"तपासायचे. ठोकाठोकी ऐकून आमचे कान किटायचे. तेवढं मात्र खरं, त्या दिवसांत तुझ्या कामाकडे बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती."

तिने बॅटरी वर फिरवली. डब्यामागच्या लोखंडी तुळईवर, उंच माणसाचा हात पोचेल तिथे, एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा हातोडी बसून रंगाचे टवके उडालेले होते. वीतभर जागा नुसती पिटलेली. रोजची ती ठक ठक इथली होती, नटांवरची नव्हती.

रेनाटाने कपाळ तुळईला टेकवलं. चाळीस वर्षं उराशी धरलेला राग असा एका क्षणात हातचा गेला, आणि तो कुणाला परत द्यावा हे तिला कळेना. मग शिडी पहिल्या डब्याखाली परत आणून तिने हातोडी काढली, स्क्रूड्रायव्हर ढिल्या नटाच्या दात्यावर टेकवला आणि तीन ठोके दिले.

"उतरला आकडा," खालून ओटिस म्हणाला. "कारण काय लिहू? म्हाताऱ्याच्या नजरेतून एक नट सुटला?"

"नाही. रेनाटाने ढिला ठेवला, असं लिही. त्यांनी तपासलाच नव्हता."

ओटिसने मान वर करून पाहिलं. ती गालावरून बाही फिरवत हसत होती.