रॉनी डेल कोण होता

उपासना ॲन आर्बरहून अमेरिकेतल्याच डब्लिनला घरी आली ती हातात रेकॉर्डचं एक मोठं चौकोनी पाकीट घेऊनच. ते शहाऐंशी वर्षांच्या आजोबांच्या, दादारावांच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आजोबा, दिस इज यू, राइट?"

कव्हरवर सोनेरी केसांचा, कोटातला एक माणूस इलेक्ट्रॉनिक ऑर्गनवर वाकला होता. वर नाव होतं, रॉनी डेल. त्या माणसाला दादारावांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण रॉनी डेल या नावानं वाजवणारे ते स्वतःच होते.

विशीत नागपूरहून मुंबईला आलेले दादाराव वाद्यं दुरुस्त करायच्या दुकानात लागले होते. दुरुस्त झालेला ऑर्गन वाजवून बघता बघता त्यांचा हात बसला. गाण्यांचे सूर कागदावर मांडणारा, नोटेशन लिहिणारा मोरेश्वर त्यांचा मित्र. त्यानंच त्यांना रेकॉर्ड कंपनीत नेलं. चार वर्षांत चार रेकॉर्डी निघाल्या. टोपणनावही मोरेश्वरचंच. "दादाराव हे नाव इंग्रजी कव्हरवर चालणार नाही. आणि नाव बदललं की आडनावही कुणी विचारणार नाही," तो म्हणाला होता. तेव्हा दादारावांना त्यात मित्राची काळजी दिसली होती. पुढे कंपनी बुडाली, दादाराव रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये चिकटले. म्हातारपणी दोघंही मुलांच्या मागे अमेरिकेत आले. मोरेश्वर कॅरी या गावी केदारकडे आणि दादाराव इथे विवेककडे. आठवड्यातून एकदा तरी फोन व्हायचाच.

"मागे काय लिहिलंय, वाच," दादाराव म्हणाले. जुन्या रेकॉर्डी नव्यानं काढणाऱ्या इथल्या एका छोट्या कंपनीनं ही रेकॉर्ड काढली होती.

उपासना वाचू लागली आणि मध्येच अडखळली.

"वाच ना."

"आजोबा, यात लिहिलंय की रॉनी डेल म्हणजे मोरेश्वर आजोबा. त्यांचा इंटरव्ह्यू घेतलाय. आणि..." तिनं आवाज खाली आणला. "त्यांचा ऑर्गन मेकॅनिक दादाराव नागपुरात वारला. नाइन्टीन नाइन्टी-नाइन."

दादारावांनी तिथल्या तिथे मोरेश्वरला फोन लावायला सांगितला.

"वाजवणारा तू कधी झालास रे?" त्यांनी विचारलं.

"ते लोक कॅमेरा घेऊन घरी आले. नातवंडं समोर बसलेली. कुणीतरी विचारलं, रॉनी डेल तुम्हीच का? तोंडातून हो निघून गेलं, दादाराव."

"आणि मी?"

"तुझ्याबद्दल विचारलं त्यांनी. तुला शोधत आले असते. म्हणून तू गेलास असं सांगितलं."

"नव्याण्णवच का?"

"सुचलं ते बोललो."

"नव्याण्णवला केदारच्या लग्नात मी तुझ्या शेजारी उभा होतो. आहेर देणाऱ्यांची नावं लिहीत होतो, मोरेश्वर."

"आता आपण किती दिवसांचे? सोडून दे ना. केदारला मात्र सांगू नकोस."

दादारावांनी फोन ठेवला. जेवायला बोलावलं तर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपासनाकडून कंपनीला सविस्तर ईमेल लिहून घेतली: कुठला स्टुडिओ, कुठल्या गाण्याला किती टेक, ऑर्गनची कुठली पट्टी अडकत होती. दोन आठवड्यांनी सभ्य उत्तर आलं. करारावर सही रॉनी डेल अशीच आहे. मोरेश्वर यांची मुलाखत रेकॉर्ड झालेली आहे. कागद नसताना श्रेय बदलणं शक्य नाही. मात्र मृत्यूचा उल्लेख पुढच्या छपाईत काढून टाकू, झाल्या चुकीबद्दल क्षमस्व.

"म्हणजे मेकॅनिक जिवंत झाला," विवेक चिडून म्हणाला. "बाबा, केदारला फोन करा. त्याच्यासमोर मोरेश्वरकाका खोटं बोलणार नाहीत."

केदारनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "काका, बाबांना परवापासून बरं नाहीये. मी त्यांच्याशी बोलतो आणि तुम्हाला कॉल करतो."

त्याचा कॉल आला नाही. महिना गेला. मोरेश्वरचाही फोन बंद झाला. साठ वर्षांत पहिल्यांदाच दादारावांना सांगायला काही असलं तरी सांगायचं कुणाला, हे कळेना.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत उपासना पुन्हा आली. तिनं फोन टेबलावर उभा केला आणि म्हणाली, "आजोबा, कंपनी गेली खड्ड्यात. तुम्ही मला सांगा, मी रेकॉर्ड करते. एक-एक गाणं घेऊ."

आधी ते नको म्हणाले. मग तिनं रेकॉर्ड लावली. पहिलं गाणं सुरू झालं तसा त्यांचा उजवा हात टेबलावर चालू लागला. डावा पक्षाघातानंतर मांडीवरच असायचा. त्यांनी आधी आपलं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. मग स्टुडिओतला उकाडा, अनवाणी पायांनी दाबलेली पेडलं, सातव्या टेकला जमलेली जागा, असं ते सांगत गेले.

"म्युझिक कुणी लिहिलेलं?" उपासनानं विचारलं.

दादारावांचा हात टेबलावर थांबला. गाणं पुढे जात राहिलं. उपासनाला वाटलं, आता ते उठून जातील.

"नोटेशन मोरेश्वरचं," ते म्हणाले. "चारही रेकॉर्डींचं. फार चांगलं लिहायचा."