स्कार्फची लेस आणि मी

मी एक जुना अंगुस्ताना आहे. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ना, ती पितळी टोपी म्हणजे मी. मित्रांनो, कपडा छान झाला की सगळे शिवणाऱ्याचं कौतुक करतात, फार तर सुईचं. त्या सुईला मागून रेटतो कोण, हे कुणी विचारत नाही! माझ्या अंगावरचे बारीक खड्डे कारागिराने एकेक करून ठोकले, सुई घसरू नये म्हणून. पोचे मात्र माझ्या स्वतःच्या कमाईचे.

शिवणकाम करणाऱ्या एका मावशीच्या मधल्या बोटावर मी वीस वर्षं काढली. मग मोटारीवर चालणारं शिलाई मशीन आलं, मावशीची बोटं संधिवाताने सुजली आणि माझी रवानगी बटणांच्या डब्यात झाली. तिथे मी बरीच वर्षं तोंड फुगवून बसलो होतो.

एके दिवशी डबा उघडला. मावशीची भाची आली होती. ती शाळेत शिकवते. मोठ्या आजारातून ती बरी झाली होती, पण औषधांनी डोक्यावरचे सगळे केस गेले होते. सोमवारपासून वर्गावर जायचं होतं. डोक्याला बांधायला तिने हौसेने निळा रेशमी स्कार्फ घेतला होता आणि तो सारखा घसरत होता.

"फळ्याकडे वळले आणि पोरांसमोर निसटला तर? मी नाही जात," ती म्हणाली.

"कडेने सुती लेस लावू. ती धरून ठेवते," मावशी म्हणाली. "मशीनवर रेशमाला चुण्या पडतात, हातानेच शिवायला हवं. माझी बोटं ही अशी. तूच शीव."

तिच्या बारीक बोटात मी सैल झालो, तर तिने आत कागदाची घडी कोंबली. काय तो अपमान! पण बोट ऊबदार होतं, म्हणून मी ते चालवून घेतलं.

तिने लेस ताणून ताणून शिवली. एक बाजू झाली आणि कड आक्रसून गोळा झाली.

"ओढू नकोस गं! ढिली सोड. कोपऱ्यावर तर आणखी ढिली, तिला वळायला जागा नको?" मावशी म्हणाली.

सगळं उसवून पुन्हा शिवलं. संध्याकाळपर्यंत चारही बाजू झाल्या. टाके वाकडेतिकडे होते, कड मात्र सरळ होती.

मग परीक्षा. भाचीने स्कार्फ बांधला, कपाटाचं दार फळा झालं आणि शेजारी उशीला वर्गमैत्रीण करून मावशी स्टुलावर विद्यार्थी होऊन बसली. भलतीच वात्रट!

"बाई, माझं बटण पडलं!" भाची वाकली.

"बाई, ही उशी मला चिमटे काढते!" भाची गर्रकन वळली.

स्कार्फ जागचा हलला नाही. दोघी इतक्या हसल्या की मावशीच्या डोळ्यांना पाणी आलं. मलाही फार आनंद झाला.

सोमवारी भाची परत आली ती उघड्या डोक्याने, स्कार्फ हातात. मावशी लगबगीने दाराशी गेली. "घसरला?"

"घसरतोय कसला! एका चिमुरडीने विचारलं, बाई, आत काय आहे? मग मीच सोडून दाखवलं. नंतर सगळ्यांनाच तो बांधून बघायचा होता. अख्ख्या वर्गाच्या डोक्यांवरून फिरलाय!"

स्कार्फवर खडूची पूड होती, शाईचा डाग होता आणि एका बाजूची लेस वीतभर उसवली होती. भाचीचा चेहरा मात्र नुसता फुलला होता.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, पण डब्यात कोंडून जपू नका. वापरा, मिरवा, उसवलं तर शिवा. जास्त बोलायला आता वेळ नाही. भाची सुईत दोरा ओवते आहे.